चौथ्या थांब्यावरचा घोट

१

शनिवारी दुपारी सव्वादोनच्या सुमारास पिवळी छत्री घेतलेल्या एका बाईंनी काळ्या बिअरचा घोट घेतला, आणि त्यांचा आवाज गेला.

ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण घशातून काही बाहेर येईना. उरलेला घोट त्यांनी हातातल्या नकाशावर थुंकला. शेजारच्या टेबलावरच्या माणसांना आधी वाटलं, ठसका लागला असेल. मग त्यांच्या ओठांची सालटं निघताना दिसली आणि खुर्च्या सरकल्या.

त्या शहरात सहा छोट्या ब्रुअऱ्या होत्या. सहाही जणांनी मिळून एक घडीचं कार्ड छापलं होतं. एका बाजूला नकाशा, दुसऱ्या बाजूला सहा चौकोन. पहिल्या थांब्यावर कार्ड घ्यायचं आणि आपलं आपण चालत सुटायचं. वाटाड्या नाही, घाई करणारं कोणी नाही. प्रत्येक ठिकाणी एक लहान पेला चाखायचा, चौकोनात आपल्याच हाताने शिक्का मारायचा, काय प्यायलो ते लिहायचं, दहापैकी गुण द्यायचे आणि सहाव्या थांब्यावर कार्ड पेटीत टाकून घरी जायचं. हंगामाच्या शेवटी सगळ्यात जास्त गुणांच्या बिअरला पितळी मग मिळायचा. तो वर्षभर त्या काउंटरवर मिरवायचा.

छत्रीवाल्या बाई चौथ्या थांब्यावर होत्या. त्या ब्रुअरीला सगळे ‘लाल दार’ म्हणत.

डॉक्टरांनी सांगितलं, पेल्यात कॉस्टिक सोडा होता. ब्रुअरीतल्या माणसांना आणखी काही सांगावं लागलं नाही. पिंपापासून नळापर्यंत बिअर ज्या नळीतून येते, ती नळी कॉस्टिक घातलेल्या औषधाने धुतात. मग पाणी सोडून ते औषध पार काढून टाकावं लागतं. सहाही ब्रुअऱ्यांच्या नळ्या एकच माणूस धूत असे. त्या सकाळी नऊ वाजता तो लाल दारात येऊन गेला होता.

चार वाजेपर्यंत गुन्हेगार ठरला होता. फक्त त्याला सांगायचं राहिलं होतं.

२

नळीवाल्यांची मुलगी शहराच्या ग्रंथालयात तळघरात बसून फाटलेली पुस्तकं दुरुस्त करी. तिच्या बोटांना कायम खळ लागलेली असे, म्हणून तिथे तिला डिंकताई म्हणत. ती घरी आली तेव्हा बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते आणि समोर मास्तरकाका होते.

मास्तरकाका लाल दारात बिअर बनवत. काळी बिअर त्यांची. बाबांशी त्यांची तीस वर्षांची दोस्ती. डिंकताईला त्यांनी सायकल शिकवली होती. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता.

“बस, पोरी,” मास्तरकाका म्हणाले. “उगाच तापू नकोस. आमचं बोलणं झालंय.”

तिने कागद वाचला. ‘माझ्या हातून नळी धुताना पाणी सोडायचं राहिलं. ही चूक सर्वस्वी माझी आहे.’ खाली सहीची जागा मोकळी होती.

“हे कोणी लिहिलं?”

“लाल दाराच्या मालकीणबाईंनी. उद्या चारपर्यंत सही करून द्यायची. सही दिली की ती चूक ठरते. नाही दिली तर त्या पोलिसांत तक्रार करणार, मग तो गुन्हा होतो. मी कशीबशी एवढी सवड मागून आणली.”

“बाबा, तुम्ही पाणी सोडलं होतं की नाही?”

बाबा स्वतःच्या हातांकडे बघत होते. नखांच्या कडा निळ्या होत्या. औषध डोळ्यांना दिसावं म्हणून ते मुद्दाम निळा रंग घातलेलंच वापरत. निळं दिसेनासं होईपर्यंत पाणी सोडायचं आणि मग नळाखाली पेला धरून त्यातलं पाणी स्वतः प्यायचं, ही त्यांची रीत. ते प्यायल्याशिवाय नळावर टांगलेली ‘बंद’ची लाकडी पाटी ते काढत नसत.

“सोडलं असेल,” ते म्हणाले. “नसेलही.”

“आणि पेला? प्यायलात ना?”

“रोज पितो गं.”

“मी आजचं विचारतेय.”

“आजचं वेगळं कसं आठवणार? तीस वर्षं तेच करतोय. तू आज सकाळी दात घासलेस, ते आठवतंय का तुला?”

“म्हणून मी घासले नाहीत असं होत नाही.”

“वय झालं आपलं,” मास्तरकाका हळूच म्हणाले आणि त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. “हात विसरतात. लोक तुला समजून घेतील.”

बाबांनी मान हलवली. ती मान हललेली बघून डिंकताईच्या डोक्यात तिडीक गेली. राग मालकीणबाईंचा आला, कागदाचा आला, पण सगळ्यात जास्त बाबांचाच आला. आयुष्यभर या माणसाला रस्त्यात कोणाचा धक्का लागला तरी ‘चुकलं’ हाच म्हणायचा. आता पोलीस दारात आले तरी आधी त्यांना खुर्ची देईल.

तिने कागदाची घडी घालून तो आपल्या पिशवीत टाकला.

“अगं, तो द्यायचाय,” बाबा म्हणाले.

“उद्या चारला देऊ की. उद्याचे चार अजून वाजले नाहीत.”

३

रविवारी सकाळी छत्रीवाल्या बाई दवाखान्यात उशीला टेकून बसल्या होत्या. ओठांवर मलम, हातात वही. डिंकताईने आपण कोण ते सरळ सांगितलं. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपण सांगितलेलं बरं.

बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि वहीत लिहिलं, ‘तुमच्या बाबांना इथे यायची लाज वाटली का?’

“त्यांना घराबाहेर पडायची वाटतेय. त्यांना वाटतं, त्यांनीच केलं.”

‘आणि तुम्हाला?’

“मला राग आलाय. अजून कोणाचा, ते नक्की नाही.”

बाई दुसऱ्या गावच्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करत. वीस वर्षं त्या गावाने त्यांच्याच आवाजावर गाड्या पकडल्या होत्या. त्यांनी लिहिलं, ‘डॉक्टर म्हणतात तीन आठवडे गप्प बसा. पुढचं नंतर बघू. नवरा दुःखी आहे असं दाखवतोय, पण झोप छान लागतेय त्याला.’ मग त्याखाली: ‘आवाज परत आला नाही तर मला कागदपत्रांच्या टेबलावर बसवतील. मला टेबलावर बसायचं नाही.’

डिंकताईने त्या ओळी दोनदा वाचल्या. तिने एवढंच विचारलं, “काल तुमच्याकडे नकाशाचं कार्ड होतं, ते आहे?”

बाईंनी उशाशेजारच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

कार्ड वाळून कडक झालं होतं. वरच्या कोपऱ्यात मालकीणबाईंच्या अक्षरात वेळ होती: १२.४०. पहिल्या थांब्यावर कार्डं द्यायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि देताना प्रत्येकावर त्या वेळ घालत. चौथ्या चौकोनापासून खाली थुंकलेल्या बिअरचा मोठा डाग पसरला होता. डिंकताईने ते खिडकीशी नेलं आणि उजेडात धरलं.

डाग वाचणं तिचं रोजचंच काम होतं. चहाचा, शाईचा, पुराच्या पाण्याचा डाग कागदावर कसा चालतो ते तिला ठाऊक होतं. डागात चार रंग मिसळलेले असले तरी कागद त्यांना एकत्र राहू देत नाही. ओल पसरते तसे रंग फुटतात आणि प्रत्येक रंग आपापल्या कडेला जाऊन बसतो.

या डागाची कड तपकिरी होती. कड संपल्यावर कोरा कागद.

बाबांचं औषध पेल्यात असतं, तर इथे निळी किनार असायला हवी होती.

४

बाबांचं औषध त्यांच्याच पिशवीत असे आणि पिशवी कुलपात. मग हे दुसरं कॉस्टिक कुठलं? डिंकताईला माहीत होतं. मोठ्या टाक्या धुण्यासाठी प्रत्येक ब्रुअरीत जहाल कॉस्टिक ठेवतात. पाण्यासारखं दिसतं, रंग नाही. पण ते नळीत शिरलं कधी?

शिक्क्यांचे चौकोन डोळ्यांसमोर असताना तिला पेटी आठवली.

सहाव्या थांब्यावर खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या. फरशी पुसणाऱ्या बाईंनी तिला पेटी काढून दिली, पण तोंड वाकडं करून. “उद्या सगळे मिळून उघडणार होते.”

“मी फक्त वाचते. तुम्ही समोर बसा. वाटलं तर माझ्या हातांकडे बघत राहा.”

“मला तेवढा वेळ असता तर अजून काय हवं होतं,” म्हणून त्या निघून गेल्या.

शनिवारची एक्क्याऐंशी कार्डं होती. डिंकताईने ती वरच्या कोपऱ्यातल्या वेळेप्रमाणे लावली. पहिल्या थांब्यापासून रमतगमत चौथ्यापर्यंत पोचायला साधारण दीड-पावणेदोन तास लागत. मग तिने प्रत्येक कार्डाचा फक्त चौथा चौकोन वाचायला सुरुवात केली.

सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान कार्ड घेतलेली माणसं लाल दारात साडेबाराच्या आसपास पोचलेली. त्यांच्यातल्या सात जणांनी काळी घेतली होती. ‘नऊ.’ ‘नऊ, कडवटपणा मस्त.’ ‘आठ. बायको म्हणते दहा.’

तिने ती सात कार्डं बाजूला काढून एकावर एक नीट लावली. बाबांनी नळी धुतल्यानंतर सात माणसं त्याच नळातून प्यायली होती, आणि सातही जण चालत पुढे गेले होते.

पुढची कार्डं सव्वाअकरापासून पुढची. ‘काळी: दोन. आंबट.’ ‘एक. शिळी लागली.’ ‘शून्य द्यायची सोय आहे का?’

आणि पावणेबाराच्या पुढे काळी कोणाच्याच चौकोनात नव्हती. सगळ्यांनी गव्हाची नाहीतर लाल घेतली होती. एकाने गुणांशेजारी बारीक अक्षरात तक्रार लिहून ठेवली होती, ‘काळीसाठी एवढं चाललो, तर काळी बंद होती.’

बाबा नऊ वाजता येऊन साडेनऊला गेले होते. काळी बंद केली गेली, ती एकनंतर.

५

लाल दाराच्या मागच्या पायरीवर काउंटरवाला सिगरेट ओढत बसला होता. तिशीचा, तिरकस बोलणारा. तिला बघून तो उठला नाही.

“ताई, मी कालपासून चौघांना सांगितलंय. मी पेले भरतो. पेल्यात काय येतं, ते नळाला विचारा.”

“काल काळी बंद का ठेवली होती?”

त्याने राख झटकली. “कोणी सांगितलं?”

“गिऱ्हाइकाने लिहून ठेवलंय. आणि त्याआधी तिघांनी आंबट म्हणून लिहिलंय.”

“पहिलं पिंप संपलं. दुसरं लावलं, ते नासलेलं निघालं. होतं असं कधी कधी. मग तिसरं लावलं. यात लपवण्यासारखं काय आहे?”

“पिंप बदलायला किती वेळ लागतो?”

“दोन मिनिटं.”

“काळी तासभर बंद होती.”

त्याने दारातून आत एक नजर टाकली. मग म्हणाला, “बाहेर रांग दारापर्यंत गेली होती. माझ्या हाताखाली कोणी नाही. मागे काय चाललंय ते बघायला मला डोळे पाठीला लावून घ्यावे लागले असते. आता चालू कर म्हणून आतून हाक आली, मी केली. पहिला पेला त्या बाईंचा.”

“हे काल का नाही बोललात?”

“काल सगळ्यांना तुमच्या बाबांचंच नाव ऐकायचं होतं. मी मध्ये काय तोंड घालू? मला इथेच काम करायचंय.”

“म्हणजे म्हाताऱ्याचं काहीही झालं तरी चालेल.”

“मी असं म्हणालो नाही.”

“काहीच म्हणाला नाहीत. तेवढंही केलं नाहीत तुम्ही.” तिचा आवाज चढला होता. तिने तो आवरला नाही. “टाक्यांचं कॉस्टिक कुठे असतं?”

“आतल्या खोलीत, कुलपात. किल्ल्या दोनच. एक बाईंकडे, एक मास्तरांकडे.”

सकाळपासून डिंकताई मालकीणबाईंवर चिडत आली होती आणि त्यात तिला एक प्रकारचं सुखही होतं. बाई उर्मट होत्या, त्यांनी तो कागद टाइप केला होता, त्यांच्यावर चिडणं सोपं होतं. पण काल दिवसभर बाई पहिल्या थांब्यावर कार्डं वाटत होत्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला. साडेदहापासून तीनपर्यंतच्या एक्क्याऐंशी कार्डांवर त्यांचंच अक्षर होतं, सहा-सात मिनिटांच्याही खंडाशिवाय. छत्रीवाल्या बाईंच्या कार्डावरसुद्धा.

उरली एकच किल्ली. तिने काउंटरवाल्याला विचारलं, “आतून हाक कोणी मारली?”

त्याने सिगरेट पायरीवर विझवली आणि विझवतच राहिला.

६

चार वाजता लाल दाराच्या आतल्या खोलीत सगळे जमले. स्टीलच्या टाक्या, फरशीवर ओल, भिंतीला टेकवलेले लांब दांड्यांचे खराटे. मालकीणबाई उभ्या होत्या. बाबांना मास्तरकाकांनी आपल्या शेजारी स्टुलावर बसवलं होतं आणि खिशातून स्वतःचं पेन काढून दिलं होतं.

“कागद,” मालकीणबाई म्हणाल्या.

“देते. आधी एक काळी भरून आणा. सीलबंद पिंपातली.”

काउंटरवाल्याने तिच्या डोळ्याला डोळा न भिडवता पेला आणून ठेवला. डिंकताईने टीपकागद पसरला. त्यावर नुसत्या काळ्या बिअरचा एक थेंब सोडला. दुसऱ्या पेल्यात बाबांच्या पिशवीतलं औषध काळ्या बिअरमध्ये कालवलं. बघून कोणाला फरक कळला नसता. तिने त्याचाही थेंब सोडला. दोन्ही डाग पसरत गेले. एकाची कड तपकिरीच राहिली. दुसऱ्याभोवती हळूहळू निळी किनार उमटली, वहीतल्या समासासारखी.

मग तिने छत्रीवाल्या बाईंचं कार्ड शेजारी ठेवलं.

“यात निळं कुठे आहे ते दाखवा. सापडलं तर बाबा सही करतील.”

मालकीणबाई वाकून बघत राहिल्या. उर्मट होत्या, पण आंधळ्या नव्हत्या. डिंकताईने एकेक कार्ड त्यांच्यापुढे मांडलं. आधी आठ-नऊ गुणांची सात. मग आंबटची तीन. मग काळी बंद असल्याची तक्रार.

“बाबांनी धुतलेल्या नळीतून सात जण चांगली बिअर प्यायले. दुसरं पिंप नासलेलं निघालं. गुण कोसळायला लागले. वर्षाच्या पितळी मगासाठी मोजतात तेच गुण. नुसतं पिंप बदलून नळीतला आंबट वास जात नाही, नळी धुवावी लागते. पण बाबांचं औषध बाबांबरोबर गेलेलं. या खोलीत टाक्यांचं होतं. किल्ल्या दोन. एक तुमच्याकडे, आणि तुम्ही तिकडे कार्डांवर वेळ घालत होतात.”

कोणी मास्तरकाकांकडे बघितलं नाही. बाबांनी तर मुळीच नाही.

“मी पाणी सोडलं होतं,” मास्तरकाका शेवटी म्हणाले. “खोटं सांगत नाही. बादलीभर सोडलं. स्वच्छ येईपर्यंत. काचेसारखं येत होतं.”

“ते आधीपासूनच काचेसारखं असतं, काका. त्याला रंगच नाही. तुम्ही तीस वर्षं बाबांच्या निळ्याकडे बघत आलात. निळं गेलं की झालं. काल जाणारं निळं नव्हतंच.”

मास्तरकाकांचं तोंड उघडं राहिलं. हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं, असं तिला वाटलं. पण त्याने तिचा राग उतरला नाही. उलट वाढला. चूक कोणाच्याही हातून झाली असती. त्यानंतर त्यांनी घरी येऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो चुकून ठेवला नव्हता.

“चाखून नाही पाहिलंस?” बाबांनी विचारलं. काल संध्याकाळपासून ते पहिल्यांदाच आपणहून बोलले.

“ते तू करतोस ना,” मास्तरकाका म्हणाले. “माझ्या डोक्यातच आलं नाही. नंतर कळलं तेव्हा त्या बाईंना गाडीत घालून नेलं होतं. आणि सगळे तुझंच नाव घेत होते. मी नाव घेतलं नाही रे. मी फक्त…”

“तुम्ही फक्त पेन दिलंत,” डिंकताई म्हणाली.

“त्याला लोकांनी माफ केलं असतं, पोरी. सगळ्यांना तो आवडतो. मला नसतं केलं. हे एकच येतं मला.”

“आणि त्यांना किती गोष्टी येतात, काका?”

मालकीणबाईंनी तिच्या हातातून टाइप केलेला कागद घेतला, क्षणभर त्याचं काय करावं ते त्यांना सुचेना, मग त्यांनी तो तसाच उलटा टेबलावर ठेवला. “मागची बाजू कोरी आहे,” त्या मास्तरकाकांना म्हणाल्या. “लिहा. तुमच्या अक्षरात.” मग बाबांकडे वळून त्या काहीतरी पुटपुटल्या. ती माफी असावी. त्यांना सवय नसल्यामुळे नीट ऐकू आली नाही.

बाबा उठले. मास्तरकाकांनी त्यांचा हात धरायला हात पुढे केला. बाबांनी आपला हात मागे घेतला. रागाने नाही. तापल्या भांड्यापासून घेतात तसा.

“मला रात्रभर आठवत नव्हतं,” ते म्हणाले. “सारखा नळ डोळ्यांसमोर आणायचो आणि पेला हातात आहे की नाही ते दिसायचंच नाही. तुला माहीत होतं, आणि तू समोर बसला होतास.”

 पेन टेबलावर पडलं होतं, ते मास्तरकाकांनी उचललं.

बाहेर रविवारची गर्दी होती. कार्डं हातात घेऊन माणसं नकाशा उलटासुलटा करत चालली होती, कोणी चौथ्या थांब्याची वाट विचारत होतं. डिंकताई ताड ताड चालत होती. तिच्या अंगात अजून इतकं काही उसळत होतं की रस्त्यात कोणी आडवं आलं असतं तर तिने त्यालाही ऐकवलं असतं. मास्तरकाका पोलिसांपुढे काय सांगतील, छत्रीवाल्या बाईंना आज संध्याकाळीच जाऊन सगळं कसं सांगायचं, उद्या सहाही ब्रुअऱ्यांकडून बाबांसाठी काय काय लिहून घ्यायचं, ते ती मोठ्याने बोलत होती.

कोपऱ्यावर तिच्या लक्षात आलं की बाबा शेजारी नाहीत. ते दहा पावलं मागे थांबले होते.

“काय झालं?”

बाबांनी दोन्ही हात समोर धरले होते आणि ते त्यांच्याकडे, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे, बघत होते.

“खरंच सोडलं होतं ना गं मी पाणी?”

“बाबा, सात जण प्यायले. मी कार्डं दाखवली तुम्हाला.”

“हो. दाखवलीस.” त्यांनी मान हलवली. “उद्या सकाळी नऊला ‘कासव’ ब्रुअरीच्या नळ्या आहेत. तू येशील का? नुसती उभी राहा. मी धुतो आणि तू बघ. मग मला सांग.”

“येते,” ती म्हणाली. एवढं म्हणायलासुद्धा तिला दात आवळावे लागले.